लाल अक्षरातला एनएलआर आणि बाबांची दुखरी दाढ

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहोत.

"माझे बाबा ६३ वर्षांचे, नौपाड्यात राहतात. जानेवारीत त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचं. रिपोर्टमध्ये टी-३ (गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली त्याची पायरी), १९ पैकी २ लिम्फ नोडमध्ये कॅन्सर, तिसरा टप्पा असं लिहिलंय. डॉक्टरांनी कॅपॉक्स या केमोच्या चार सायकल सांगितल्या, पहिली झाली. दुसऱ्याच दिवशी मी एका ॲपवरून घरी माणूस बोलावून 'कॅन्सर इन्फ्लमेशन' असं पॅकेज करून घेतलं. एनएलआर १२.४, पीएलआर ३४६, एसआयआय ३७२९ असे रक्तपेशींच्या प्रमाणांचे आकडे, सगळे लाल अक्षरात! जुने रिपोर्ट काढून एनएलआरचा आलेख केला: ऑपरेशनआधी ४.६, ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी १०.८, केमोच्या आदल्या दिवशी ३.३ आणि आता १२.४. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) ऑपरेशनआधी १.८ होता, पाच आठवड्यांनी १६, म्हणजे नऊपट. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन तेव्हा ३.४, आता ३.७. एनएलआर ४ च्या वर गेला की आयुष्य कमी, असं वाचलं आणि रात्रभर झोप नाही. चार सायकल कमी पडतील का? मामा गुळवेल-हळदीची पावडर द्या म्हणतात. हिमोग्लोबिन ९.६ होतं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. वजन सहा महिन्यांत ७० वरून ६३ वर आलंय, त्यात खालची दाढ सुजल्यामुळे दोन आठवडे एकाच बाजूने चावतात. हे आकडे बाबांना सांगायचे का?"

ताई, आकड्यांकडे येऊच. आधी दाढ. पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला मेलवर कळवलं होतं, पण केमो चालू असलेल्या प्रत्येक घरासाठी ते इथे पुन्हा लिहायला हवं.

कॅपॉक्समध्ये दर तीन आठवड्यांनी शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन देतात आणि त्यासोबत १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबाइनच्या गोळ्या. साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी खाली जाऊ शकतात. एरवी हिरडीपुरता राहिला असता असा पू त्या दिवसांत रक्तात उतरू शकतो, आणि मग हातात तास असतात, दिवस नाहीत. म्हणून आधी ऑन्कोलॉजिस्टना फोन, मग दंतवैद्य. दंतवैद्यांनी दाढ पाहावी, एक्स-रे काढावा, पण लगेच उपटू नये. त्याच दिवसाच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि प्लेटलेट किती आहेत ते पाहून, आणि बहुतेक वेळा पुढच्या सायकलच्या थोडं आधी पेशी सावरलेल्या असताना, कधी काढायची ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

औषधांचंही एक आहे. दाताच्या दुखण्यावर आपल्याकडे मेट्रोनिडाझोल सर्रास लिहून देतात. कॅपेसिटाबाइनचं शरीरात गेल्यावर ५-एफयू हे कॅन्सरवरचं औषध होतं, आणि मेट्रोनिडाझोलमुळे ते ५-एफयू शरीरातून बाहेर पडायला उशीर लागून तोंड येणं, जुलाब, पेशी घसरणं हे सगळं वाढू शकतं. तेव्हा दंतवैद्यांना "केमो चालू आहे" एवढंच सांगून भागत नाही. गोळीचं नाव सांगा, जमलं तर रिकामी पट्टीच समोर ठेवा. मेडिकलमधून परस्पर आणलेली दाढदुखीची गोळी तर नकोच.

घरात थर्मामीटर हवा. १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला तर सकाळची वाट न पाहता, रात्री दोन वाजले असले तरी, इमर्जन्सीत जायचं. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. गोळीने ताप दबतो, आत जंतू वाढतच असतात आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना फसवा आकडा दिसतो.

आता तुमचा आलेख. आकडे बरोबर आहेत. आम्ही पुन्हा गुणून-भागून पाहिले. आलेखातली रेघ मात्र चुकीची आहे, कारण ते चार ठिपके एका रेघेने जोडण्यासारखे नाहीतच.

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिलला लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी भागलं की येणारा आकडा. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही, साध्या सीबीसीतले दोन आकडे पुरतात. शेवटचा रिपोर्ट हातात घ्या. एकूण पांढऱ्या पेशी १२,४००, न्यूट्रोफिल ८७ टक्के, लिम्फोसाइट ७ टक्के. ८७ भागिले ७, उत्तर १२.४. पीएलआर म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट: १२,४०० चे ७ टक्के ८६८, आणि ३ लाख भागिले ८६८ म्हणजे ३४६. एसआयआय म्हणजे एनएलआरला हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने गुणायचं: १२.४३ गुणिले ३००. तुम्हाला तीन लाल आकडे दिसले, पण तिन्हींच्या तळाशी एकच गोष्ट आहे, ते ७ टक्के लिम्फोसाइट. एकच बातमी तीन वेळा छापली गेली आणि तुम्ही ती तीन बातम्या म्हणून वाचलीत. पॅकेजचे पैसेही त्याचेच घेतले जातात, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

आणि ते ७ टक्के का? सायकलच्या दिवशीची डिस्चार्ज शीट पाहा. उलटी होऊ नये म्हणून ऑक्सॅलिप्लॅटिनच्या आधी डेक्सामेथासोन देतात, बहुधा ८ किंवा १२ मिलिग्रॅम. हे स्टेरॉइड आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल त्याने सुटून वाहत्या रक्तात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून उठून अस्थिमज्जेत वगैरे जाऊन बसतात. काही तासांत हे घडतं आणि एक-दोन दिवस, कधी थोडं जास्त, टिकतं. तुमचा माणूस नेमका त्याच वेळात सुई घेऊन आला. १२.४ मध्ये बहुतेक वाटा त्या इंजेक्शनचा आहे. हा रिपोर्ट आलेखातून काढून टाका.

चौथ्या दिवसाचा १०.८ सुद्धा काढा. पोट उघडून आतडं कापून जोडलं की शरीरात दाह होणारच. तो झाला नाही तर जखम भरायची कशी? ऑपरेशननंतर सर्जन सीआरपी पाहतात तो निराळ्या कारणासाठी. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जातो आणि उतरायला लागतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशीही १५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर राहिला तर जोड गळतोय की काय अशी शंका घेतात. तिथे तो फार कामाचा आकडा आहे. पुढच्या पाच वर्षांबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

उरले दोन ठिपके: आधी ४.६, पाच आठवड्यांनी ३.३. रेघ खाली उतरते आहे.

सीआरपीची गंमत तर याहून सरळ आहे आणि ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी, कारण या चुकीमुळे लोकांना रात्र रात्र झोप लागत नाही. १.८ ज्या रिपोर्टमध्ये आहे तो हॉस्पिटलच्या लॅबचा. आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात एकक पाहा: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. १६ ज्यात आहे तो बाहेरच्या लॅबचा, तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणजे १.८ म्हणजेच १८. बाबांचा सीआरपी नऊपट वाढला नाही, १८ वरून १६ वर आला. दोन लॅबचे आकडे शेजारी मांडताना आधी एकक, मग तारीख, मग आकडा, याच क्रमाने वाचायची सवय लावा.

पण ताई, १६ वरही समाधान मानू नका. सीआरपी यकृतात बनतो, आणि कारण गेलं की रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्म्यावर येतो. पाच आठवड्यांपूर्वीच्या ऑपरेशनचा सीआरपी आज शिल्लक राहायचं कारण नाही. म्हणजे आज कुठेतरी काहीतरी चालू आहे. टाक्याजवळ पाणी येतंय का, लघवीला जळजळ आहे का, छातीत कफ आहे का, हे डॉक्टर पाहतीलच. पण दोन आठवडे सुजलेली दाढ समोर दिसत असताना पहिला संशय तिच्यावर. केमोच्या आदल्या दिवशी ती दाढ कुणी डॉक्टरांच्या कानावर घातली असती तर बरं झालं असतं. तुम्हाला दोष देत नाही. दाढ आणि आतड्याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटणार?

आता तुम्ही वाचलेलं ते "४ च्या वर आयुष्य कमी". ते कुणीतरी मनाने लिहिलेलं नाही. २०१४ मध्ये १०० अभ्यास आणि ४०,५५९ रुग्ण एकत्र घेऊन केलेलं एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. निरनिराळे घन ट्यूमर, निरनिराळे टप्पे. त्या अभ्यासांनी वापरलेल्या सीमारेषांची मध्यमा, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ४ होती, आणि सीमेच्या वर असणाऱ्यांत मृत्यूची जोखीम १.८१ पट निघाली. या १.८१ चा अर्थ समजावून घ्या, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. फक्त गणितापुरतं समजा की कमी एनएलआरवाल्या १०० जणांपैकी पाच वर्षांनी ७० जण हयात आहेत. जोखीम १.८१ पट धरली तर जास्त एनएलआरवाल्या १०० पैकी साधारण ५२ हयात असतील. फरक मोठा आहे, नाकारत नाही. पण "चांगल्या" गटातले ३० गेलेत आणि "वाईट" गटातले निम्म्याहून जास्त आहेत. तुमचे बाबा त्यातले कुठले, हे आकडा सांगू शकत नाही. शंभर जणांच्या रांगेबद्दल तो बोलतो. आणि हे ७० आणि ५२ बाबांचे आकडे नव्हेत, नुसतं उदाहरण आहे.

शिवाय सीमारेषा प्रत्येक अभ्यासाची वेगळी. कुणी २.५ घेतली, कुणी ३, कुणी ५. निरोगी प्रौढांत एनएलआर साधारण १ ते ३ असतो. तंबाखू, सिगारेट, मधुमेह, लठ्ठपणा, कालची वाईट झोप, आजची सर्दी, सगळ्यांनी तो हलतो. मोजणीचीही मर्यादा आहे: लॅबमध्ये स्लाइडवर १०० पेशी डोळ्यांनी मोजून लिम्फोसाइट १० टक्के लिहिले असतील तर खरा आकडा ५ पासून १८ पर्यंत कुठेही असू शकतो. त्या १० ने ८० ला भागलं तर ८, आणि १८ ने भागलं तर साडेचारही नाही. मशिनवरची मोजणी हजारो पेशींची असते म्हणून ती बरी.

मग या सगळ्याला अर्थच नाही का? आहे, आणि तो जुना आहे. ट्यूमरमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात हे रुडॉल्फ फिरशो यांनी १८६३ मध्येच लिहून ठेवलं होतं. ट्यूमर आणि त्याच्या भोवतालच्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं सोडतात. त्यांच्या हुकुमावर यकृत सीआरपी बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन कमी बनवतं, अस्थिमज्जा न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट जास्त सोडते. काही न्यूट्रोफिल ट्यूमरला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि कॅन्सरशी लढणाऱ्या लिम्फोसाइटना दाबतात. म्हणून न्यूट्रोफिल जास्त आणि लिम्फोसाइट कमी हे चित्र सरासरीने बरं नसतं. ठरावीक ठिकाणी डॉक्टर हे आकडे रोज वापरतात. सुरुवातीच्या हॉजकिन लिम्फोमात (लिम्फ नोडच्या एका कॅन्सरात) ईएसआर, ही दाहाचीच आणखी एक रक्ततपासणी, ५० च्या वर, किंवा ताप-घाम-वजन घट असेल तर ३० च्या वर, याने उपचारांचा गट ठरतो. किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरच्या जोखीम-गुणांत न्यूट्रोफिल, प्लेटलेट, हिमोग्लोबिन तिन्ही आहेत. केमोपूर्वी प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त आणि पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर असतील तर पायात गुठळी होण्याच्या जोखमीत ते धरतात. या सगळ्यांत आकडा एकटा नसतो, चार-सहा गोष्टींसोबत असतो, आणि मोजायची वेळ ठरलेली असते: उपचार सुरू होण्याआधी.

त्याच वेळचा बाबांचा एक आकडा तुमच्या पत्रात आहे आणि त्याबद्दल गुळमुळीत बोलणं आम्हाला पटत नाही. ग्लासगोच्या डॉक्टरांचा एक साधा स्कोअर आहे. सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याखाली असेल तर शून्य, वर असेल तर १, आणि वर असून अल्ब्युमिन ३.५ च्या खालीही असेल तर २. ऑपरेशनआधी बाबांचे १८ आणि ३.४ होते, म्हणजे २. अभ्यासांत या गटाचं सरासरीने शून्यवाल्यांपेक्षा वाईट गेलं आहे. आज १६ आणि ३.७, म्हणजे १. या स्कोअरचा उपयोग असा की ऑपरेशनआधीच बाबांचं शरीर झिजत होतं हे तो सांगतो. सात किलो वजन गेलं, हिमोग्लोबिन ९.६. ही झीज थांबवणं अजून हातात आहे, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

चार सायकल कमी पडतील का? हा निर्णय एनएलआरवरून होत नाही. तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरात तीन महिने पुरे की सहा, हे १२,८३४ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात तपासलं गेलं. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. टी-१ ते टी-३ आणि १ ते ३ लिम्फ नोड, म्हणजे बाबांचा गट, यांत कॅपॉक्स तीन महिने घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८५ टक्के जण कॅन्सर परत न येता होते, सहा महिने घेतलेल्यांपैकी ८३ टक्के. हातापायांत कायमची बधिरता मात्र सहा महिनेवाल्यांत बरीच जास्त. म्हणून चार सायकल. टी-४ असतं किंवा चार-पाच नोड असते तर डॉक्टरांनी कदाचित आठ सांगितल्या असत्या. तुमचा रिपोर्ट आणखी एका बाबतीत चांगला आहे: निदान १२ नोड तपासलेले असावेत असा दंडक आहे, तुमचे १९ आहेत. एमएमआर (गाठीच्या पेशींतली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का) ही तपासणी झाली आहे का आणि ऑपरेशनआधी सीईए (रक्तातला ट्यूमर मार्कर) किती होतं, हे दोन प्रश्न पुढच्या भेटीत जरूर विचारा. एनएलआरपेक्षा ते फार वजनदार आहेत. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलचं खारघरचं ॲक्ट्रेक ठाणे-पनवेल लोकलने सरळ गाठता येतं. जाताना पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि ब्लॉक, सीटी स्कॅनची सीडी, ऑपरेशन नोट न्या. ॲपचे रिपोर्ट घरी राहिले तरी चालेल.

मामांची पावडर आत्ता नको. मामा मायेने सांगतात हे दिसतं, पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद आहे. पण केमोच्या तीन महिन्यांत वाद घालायला आपलं माणूस वापरायचं नसतं. यकृताचे आकडे बिघडले तर केमोमुळे की पावडरमुळे हे डॉक्टरांना कळणार नाही आणि सायकल पुढे ढकलावी लागेल. भाजी-आमटीतली हळद खुशाल चालू द्या. कॅप्सूलमधलं मिरीच्या अर्कासोबतचं कर्क्युमिन नको, कारण मिरीतला पिपेरीन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतो.

लोहाच्या गोळीची पट्टी मात्र आजच उलटून वाचा. आपल्याकडे बहुतेक लोहाच्या गोळ्यांत फोलिक ॲसिड मिसळलेलं असतं आणि फोलिक ॲसिडने कॅपेसिटाबाइनचे दुष्परिणाम वाढू शकतात. मल्टिव्हिटॅमिन आणि ताकदीच्या पावडरींतही ते असतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. पट्टीचा फोटो डॉक्टरांना पाठवा. नुसत्या लोहाची गोळी मिळते, शिरेतूनही लोह देता येतं.

आकडा उतरवणं म्हणजे आजार उतरवणं नव्हे, याचा एक मोठा धडा वैद्यकाने घेतला आहे. २०१७ मध्ये हृदयरोग्यांवरच्या एका चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाने सीआरपी उतरला आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यूही कमी दिसले. सगळ्यांना आशा वाटली. मग फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तेच औषध तीन मोठ्या चाचण्यांत दिलं आणि तिन्ही अपयशी ठरल्या. एवढ्या नेमक्या औषधाचं हे, तर डब्यावर 'दाहनाशक' छापलेल्या भुकटीचं काय सांगावं!

आता झिजेकडे. केमोच्या काळात प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम हवीत. बाबांच्या ६३ किलोला ७५ ते ९५ ग्रॅम होतात. वरणभात आणि पेजेवर ती कधीच भरत नाहीत. साधं गणित: दोन अंडी १२ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, ३० ग्रॅम कच्च्या डाळीची एक वाटी आमटी ७, अशा दोन १४, एक वाटी दही ५, चार पोळ्या १२, आणि शंभर ग्रॅम बांगडा किंवा सुरमई २०. बेरीज ७९. मासे खात नसतील त्या दिवशी १०० ग्रॅम पनीर १८ देतं. दाढ बरी होईपर्यंत अंड्याची भुर्जी, दुधात शिजवलेलं नाचणी सत्त्व, मऊ शिजवून काटे काढलेला मासा. तीन वेळा भरपेट जमणार नाही, तेव्हा दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गारव्याने घशात आणि बोटांत मुंग्या येतात, म्हणून फ्रीजमधलं दही आणि सोलकढी बाहेर काढून ठेवून मगच द्या. किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. दर सोमवारी सकाळी, त्याच काट्यावर, चहाआधी वजन करून वहीत लिहा. ही वही त्या सगळ्या एसआयआयपेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची आहे.

आणि चालणं. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशन आणि केमो संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत पाच वर्षांनी १०० पैकी ८० जण कॅन्सर परत न येता होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ७४. व्यायाम म्हणजे काय, तर बहुतेकांनी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालणं. सध्या केमोत बाबांना झेपेल तेवढं, घरातल्या घरात दहा मिनिटं दोनदासुद्धा चालेल. केमो संपली की नौपाड्याहून तलावपाळी काही लांब नाही. फेऱ्या हळूहळू वाढवता येतील.

बाबांना सांगायचं का? त्यांनी विचारलं तर खरं सांगा, आणि पूर्ण सांगा: "बाबा, तो रिपोर्ट इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी काढला म्हणून लाल आला. मी घाई केली. दाढ दाखवायची आहे आणि वजन वाढवायचं आहे." त्रेसष्टच्या माणसाला मुलीचा चेहरा वाचता येतो. लपवलं तर ते मनात याहून वाईट काहीतरी धरून बसतील.

पुढची तपासणी दुसऱ्या सायकलच्या एक-दोन दिवस आधी, शक्यतो हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये. त्यात सीबीसी, यकृत, किडनी आणि अल्ब्युमिन असतंच. सीआरपी दाढेचा उपचार झाल्यावर आठवड्याने एकदा, डॉक्टर म्हणाले तर. सीबीसीत एनएलआर शोधू नका. न्यूट्रोफिलची एकूण संख्या पाहा: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के. पेशी २,८०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के असतील तर संख्या ९८० होते. तेव्हा एनएलआर एकच्या आतही दिसेल, ॲप तो हिरव्या अक्षरात छापेल, आणि नेमका तोच दिवस डॉक्टरांना तातडीने फोन करायचा असेल.